ठाण्यातून भिवंडीची टाकी बघणारा माणूस

माझे साडू अविनाशराव गेले, ही बातमी आली तेव्हा मी काल्हेरच्या गोदामांपुढे एका ट्रेलरच्या मागे अडकलो होतो. झोपेतच गेले. बायको फोनवर रडत होती, आणि मी विचार करत होतो की अविनाशरावांनी मला आत्ता इथं पाहिलं असतं तर काय म्हणाले असते. ‘प्रत्यक्ष जाणं हे बिनडोकांचं काम आहे हो, भिवंडीकर.’ मला ते कायम भिवंडीकर म्हणत, आणि जिभेवर केस आल्यासारखा तो शब्द उच्चारत. पुढे शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि अविनाशराव किती नम्र, किती मृदू होते ते सांगून बसली. मी मागच्या खुर्चीत हसू दाबत होतो. अहो, या माणसानं स्वतःच्या लग्नात भटजींचे उच्चार सुधारले होते. मेला म्हणून माणूस असा बदलून टाकायचा? ते नम्र गृहस्थ कोण होते देव जाणे. मी काही त्यांना भेटलेलो नाही.

अविनाशरावांचा धंदा टाकीतली पातळी मोजणाऱ्या यंत्रांचा. भिवंडीतल्या टेमघरच्या ज्या कापड रंगवायच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो, तिथं कॉस्टिक सोड्याची उंच टाकी आहे. तिच्या माथ्यावरचं यंत्र खाली लहरी सोडतं, परत आलेला प्रतिध्वनी पकडतं आणि किती माल आहे ते कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दाखवतं. त्याची सगळी सेटिंग अविनाशराव ठाण्याच्या घरात सोफ्यावर बसून, पायजम्यात, लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरनं करत. ‘शिडी माकडांसाठी, आणि तुमच्या ऑपरेटरांसाठी,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. फोनसुद्धा करत नसत, कारण फोन केला की भिवंडीशी बोलावं लागे.

टाकीत पाइप असतात, ढवळणारा पंखा असतो. त्यांचेही प्रतिध्वनी येतात आणि यंत्र गोंधळतं. म्हणून टाकी रिकामी करून यंत्राला एकदा शिकवायचं असतं, की आत्ता जे दिसतंय ते सगळं खोटं, पुढे याच्याकडे लक्ष देऊ नकोस. एका दुपारी अविनाशरावांनी ठाण्यातून हे शिक्षण उरकलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, टाकी रिकामी आहे का? अविनाशरावांनी ‘हो’ दाबलं. टाकी पाऊण भरलेली होती. यंत्र बिचारं आज्ञाधारक... पाऊण टाकीपासून वर कुठंही कॉस्टिक दिसलं तर ते खोटं मानायचं, एवढं ते शिकलं.

पुढच्या वेळी टाकी भरताना आकडा पाऊणच्या जरा खाली येऊन थांबला, पंप चालू राहिला, आणि कॉस्टिक वरून वाहत अंगणात उभ्या शेठच्या नव्या गाडीखाली गेलं. माणसं वाचली, पण गाडीची ती चकचकीत ॲल्युमिनियमची चाकं काळी ठिक्कर पडली. ड्युटीवर होता ऑपरेटर काशिनाथ, पडघ्याकडचा. हा प्राणी ड्युटीवर मोबाइलमध्ये कोंबड्यांच्या झुंजी बघतो हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. शेठ म्हणाले, “मोबाइल में घुसा था ये. आजच काढा याला.” काशिनाथ ओरडत होता, “अवो शेठ, स्क्रीनवर जागा दिसत व्हती, मी काय करू?” नोकरी गेली असती तर त्याला गावात परत रोजंदारीवर जावं लागलं असतं. त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणीच तयार नव्हतं.

मी अविनाशरावांना बोलावलं. ते आले ते यंत्र निर्दोष आहे हे सिद्ध करायलाच, रुमाल नाकाला लावून. लॅपटॉप उघडला, प्रतिध्वनींची रेघ बघितली आणि बोलायचे थांबले. असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग काशिनाथकडे न बघता त्यांनी विचारलं, “गेल्या मंगळवारी दुपारी टाकी रिकामी होती ना?”

“न्हाय ओ. पाऊण व्हती.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही इचारलं कुठं?”

शेठ, मी, काशिनाथ, तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. ‘यंत्र बिघडलं’ एवढं म्हणून सुटता आलं असतं, आम्हाला काय कळणार होतं! त्यांनी लॅपटॉप मिटला.

“शेठ, चूक करायलासुद्धा बुद्धी लागते. एवढी मोठी चूक करायची या माणसाची लायकी नाही. ही माझी आहे.”

एवढंच. माफी नाही, मान खाली नाही. काशिनाथनं चहा विचारला तर ‘तुमच्याकडचा चहा मी पीत नाही’ म्हणून गाडीत जाऊन बसले. काशिनाथची नोकरी राहिली. ज्या तुच्छतेनं ती घालवली होती, तिनंच ती परत आणून फेकली.

परवा नवा इंजिनिअर पुण्यातून त्याच टाकीचं काम करत होता. अत्यंत गोड मुलगा. फोन स्पीकरवर होता. “काशिनाथजी, मी सुरू करतो हं,” तो म्हणाला.

“थांबा साहेब. आधी इचारा.”

“काय विचारू?”

“‘टाकी रिकामी हाय का, तुझ्या डोक्यासारखी?’ त्या दिवसापासून अविनाशसाहेब फोन करून असंच इचारायचे. दर टायमाला.”

पलीकडून तो मुलगा हळूच म्हणाला, “टाकी रिकामी आहे का, काशिनाथजी?”

फोनकडे बघत काशिनाथ उरलेल्या वाक्याची वाट पाहत राहिला.