अर्ध्या पगाराची नोकरी आणि बोळिंजची खोली

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विरारच्या एका साप्ताहिकाने मला नोकरी देऊ केली. पगार मुंबईतल्या पगाराच्या निम्मा होता. घ्यावी की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून आम्ही विरारजवळच्या बोळिंजला एका बागायती वाडीतली भाड्याची खोली पाहायला गेलो. बायकोने खर्चाची यादी बरोबर आणली होती. भाडं स्वस्त असूनही पगार थोडा कमी पडत होता.

मालकीणबाईंनी यादी वाचली.

"भाजी, केळी, नारळ विकत घेणार? आमच्या वाडीत राहून? गावात आमची अब्रू घालवाल."

त्यांनी पेन मागून तिन्ही ओळी खोडल्या. बायकोने पुन्हा बेरीज केली.

"आता चाळीस रुपये उरतात," ती म्हणाली.

"सिनेमा मात्र तुमच्या खर्चाने बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

सोमवारी मी मुंबईत राजीनामा दिला.