लाल ठिपक्याचा बोर्ड

मावशीने खोका उघडला. नवा कोरा, सीलबंद. आतला मदरबोर्ड उलटा केला आणि तिचं डोकंच फिरलं.

मागच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तिनेच लावलेला.

मावशी सर्व्हर जोडते. रेडिओ दुरुस्त करता करता इथवर आली. जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, पण टेबलावर लाल बाटली कायम. नापास बोर्ड परत पाठवण्याआधी त्यावर ठिपका द्यायचा, ही तिची पद्धत. वर्कशॉप बहिणीच्या मुलाचं. तो हसायचा. "मावशी, बोर्डाला लग्नाला पाठवतेस का?"

आता तोही हसत नव्हता.

काम कॅन्सर हॉस्पिटलचं होतं. कुठल्या पेशंटला रेडिएशन कुठे आणि किती, हे ठरवणारा सर्व्हर. जुना आचके देत होता. तो बंद पडला की बाकांवर बसलेली माणसं उपचाराविना घरी जायची. नवा प्रोसेसर नुकताच बाजारात आला होता. ताकदीचा, आणि तितकाच खादाड. त्याला पेलणारा बोर्ड मिळत नव्हता.

मेमरीच्या सगळ्या जागा भरायच्या, प्रोसेसरला पूर्ण जुंपायचं आणि मशीन तीन दिवस चालवायचं. टिकलं तरच मावशी आपल्या सहीची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवते. हा बोर्ड चाळिसाव्या मिनिटाला तापून बंद पडला होता. तिने परत पाठवला. डीलरने "बदलून" पाठवला, तो हाच.

"चुकून झालं असेल गं," भाचा म्हणाला. "सोमवारी द्यायचाय. आज गुरुवार. प्रोसेसरचा वेग थोडा कमी करून ठेव. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"झाकण उघडून सही कोण बघतंय?"

"मग तूच कर. पेन देऊ?"

मावशीने सगळं पिशवीत भरलं, बाटलीसुद्धा, आणि तरातरा डीलरकडे निघाली. भाचा मागे.

"या ताई, बसा!" डीलर म्हणाला. "आम्ही तपासूनच पाठवतो हो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मेमरीच्या पट्ट्या किती?"

"एक. सगळ्या भरून चालवतं कोण?"

"ज्याला गरज असते तो."

तिने काउंटरवरच बोर्ड जोडला. बारा पट्ट्या लावल्या. स्टूल ओढून घड्याळासमोर बसली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "थांबा थोडं. गंमत आहे."

अर्धा तास झाला. "चाललाय की झकास!" डीलर म्हणाला.

अडतिसाव्या मिनिटाला पंखे गप्प झाले. गिऱ्हाइकांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

मग मावशीला दुसरा पंखा ऐकू आला. डीलरच्या खुर्चीमागे एक मशीन घोंघावत होतं.

"त्यात कुठला प्रोसेसर?"

"हाच. पण ते आमचं स्वतःचं..."

"दोन महिने झाले, एकदाही बंद पडलं नाही," गल्ल्यावरची त्याची बायको अभिमानाने म्हणाली. डीलरने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मावशी उठली, वाकली, आत डोकावली. बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा होता. जाडजूड, वजनदार.

"म्हणजे चांगला कुठला, हे तुम्हाला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. भाच्याला त्याचीच भीती वाटली. "स्वतःला तो. आजारी माणसांना हा. तोही दोनदा."

"ताई, तो विकायचा नाही."

"विकत कोण मागतंय? बदलून मागतेय. स्क्रूड्रायव्हर द्या."

गिऱ्हाइकं बघत होती. डीलरने स्क्रूड्रायव्हर दिला. मावशीने त्याच्या मशीनमधला बोर्ड काढून पिशवीत ठेवला.

निघताना तिने आपला प्रोसेसर आणि पट्ट्या काढून घेतल्या. मग बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळं नेलपॉलिश त्या खराब बोर्डावर ओतलं. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्येसुद्धा.

"आता पाठवा कुणाला नवा म्हणून," ती म्हणाली.

बदलून आणलेला बोर्ड तीन दिवस चालला. रविवारी संध्याकाळी मावशीने चिठ्ठीवर बहात्तर तास लिहिले, सही केली. भाच्याने हळूच टेबलावर नवी बाटली ठेवली. लालच.

"राग गेला का?"

"नाही. आणि वेग कमी कर म्हणाला होतास, तेही विसरले नाही. झाकण धर."