शुक्रवारचा कोट

ओटाव्याच्या कनाटा उपनगरातले सूर्यकांत पाळंदे म्हणजे सुतासारखे सरळ गृहस्थ, अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्याचं काम मुख्यतः त्यांच्या बायकोनेच केलं होतं. जन्म गेला कॅनडात, पण ह्यांनी अंड्यालाही हात लावला नाही, हे प्रभाताई महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक जेवणात सांगायच्या. कुणी विचारलेलं नसलं तरी.

शुक्रवारी मात्र त्यांच्या कोटाला बेकनचा, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचा, वास यायचा. "ऑफिसात सगळे तेच खातात. मी आपला टोस्ट घेऊन बाजूला बसतो," ते बापुडवाणं तोंड करून सांगायचे. प्रभाताईंचा जीव तुटायचा. कोट गॅरेजमधल्या खुंटीला टांगून त्या हात धुवायच्या आणि ह्यांच्यासाठी मुद्दाम साजूक तुपातली हिंगाची फोडणी घालायच्या.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात सूर्यकांतरावांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, गिळणंही गेलं. अन्न नळीने थेट पोटात. चेहरा अगदी कोरा.

"आई, बाबांना आपण कुठे आहोत हेसुद्धा कळत नाही. लाँग-टर्म केअरला अप्लाय करू या," मुलगा नंदन म्हणाला.

"कळतं. घरच्या वासाने कळतं," प्रभाताई म्हणाल्या. नवऱ्याला घरी ठेवून घ्यायला त्यांच्यापाशी एवढा एकच पुरावा होता, आणि तोही तोंडी.

म्हणून कृतिकाच्या प्रयोगाबद्दल ऐकल्यावर त्यांना देव पावल्यासारखं झालं. ही नाशिकची मुलगी ओटाव्यात विद्यापीठात शिकत होती. डोक्याला तारांची टोपी घालायची, नाकाखाली वास धरायचा, आणि मेंदूतल्या लहरींवरून माणसाला तो आवडला की नाही ते ओळखायचं, असा तिचा प्रयोग होता. प्रभाताई नवऱ्याबरोबर आपल्या बाटल्याही घेऊनच गेल्या. तूप, भाजलेला गोडा मसाला, हिंगाची फोडणी.

"काकू, हा फक्त अंदाज असतो हं," कृतिकाने आधीच सांगितलं.

तुपाला काही नाही. मसाल्याला काही नाही. फोडणीला लहरी हलल्या, पण कृतिकाने नुसती नोंद केली. प्रभाताईंनी खोदून विचारल्यावर म्हणाली, "नावडता वास दाखवतंय, काकू." पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग प्रयोगशाळेच्या बाटल्या आल्या. कॉफी, व्हॅनिला. तिसरी बाटली दोन-तीनदा धरून पाहिली आणि कृतिका खुर्चीतून उठलीच. "काका एकदम खूश झालेत. दर वेळी तेच येतंय."

"काय आहे त्यात?"

"बेकन."

व्हॅनमधून घरी येताना प्रभाताई संतापल्या होत्या. बेकन खाल्लं, एक वेळ सोडून देता आलं असतं. पण ज्या फोडणीवर आयुष्य घातलं ती ह्यांनी निमूट गिळली होती, आणि आपण मूर्खासारखी ह्यांचीच कीव करत बसलो.

रविवारी नंदन केअर होमचं पक्कं करायला येणार होता. प्रभाताईंनी बेकन आणलं, पोळ्यांच्या तव्यावर टाकलं, पदर नाकाला लावून तळलं. तवा त्यांनी व्हीलचेअरजवळ नेला.

सूर्यकांतरावांनी मान वळवली. डोळे उजळले. तोंडाचा डावा कोपरा वर गेला आणि ते हसले. प्रभाताईंनी वाढलेल्या ताटापुढे हा माणूस असा कधीही हसला नव्हता.

"ही इज स्मायलिंग," दारातून नंदन म्हणाला. "बेकन? बाबा मला फ्रायडेला न्यायचे ना ब्रेकफास्टला. आय थॉट, तुला माहीत असेल." मग वडिलांचा हात धरून म्हणाला, "तुझंच बरोबर, आई. बाबांना कळतंय. राहू दे त्यांना घरीच."

"सांगत होते ना मी," प्रभाताई म्हणाल्या.

त्या गॅरेजमध्ये गेल्या. अंगातला स्वेटर काढून कोटाच्या खुंटीला टांगला आणि तिथेच उभ्या राहून रडल्या. नवरा घरी राहणार होता. आता रोज त्याच्यासाठी बेकन तळावं लागणार होतं.