पोशीरच्या भिंतीवरचा चौक

नेरळला उतरले आणि पोशीरची एस.टी. माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. झाली का पंचाईत! मग काय, बॅग काखोटीला मारून चालू लागले. पाठीशी माथेरानचा डोंगर, दोन्ही बाजूंना रिकामी भातखाचरं आणि राबाचा (पेरणीआधी शेतात जाळलेल्या पाल्याचा) धूर. पुण्याला नर्सिंग शिकताना माझ्या खोलीत राहणाऱ्या रमाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

पोचले तर घर चिडीचूप. लग्नघर असं असतं होय?

रमाने मला मागल्या दारी नेऊन सांगितलं. तिचे वडील बौद्ध, मोहोपाड्याच्या कारखान्यात कामाला. गेल्या साली वारले. आई, यमुनाबाई, डोंगरातल्या ठाकरवाडीची. ठाकरांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात देव मांडतात. तो सवाष्णीनेच लिहायचा, विधवेचा हात लागला की अपशकुन. रमाला मात्र चौक आईच्याच हातचा हवा होता.

"देव सोडले आपण, वयनी," रमाचे काका म्हणाले. "आता ह्ये कशाला?"

"देव नाय लिवत, भावजी. पन पोरगी माजी बी हाय ना?" यमुनाबाई म्हणाल्या. मग हळूच, "माजा भाऊस तेवडा माह्यारचा उरलाय. माजा हात बगून उंबऱ्यावरनं फिरला, तर मी काय करू?"

मला असा राग आला! पण पाहुणीने काय बोलावं?

दुपारी त्यांनी गेरूने भिंत सारवली. बांबूची काडी चघळून मऊ केली, पाण्यात कालवलेल्या पिठात बुडवली. चौकट झाली, चंद्र-सूर्य झाले, फेर धरलेली माणसं झाली. मधली जागा बराच वेळ कोरीच होती. मग तिथे पिंपळ आला, पानापानांनी भरत गेला. झाडाखाली त्यांनी कुणालाच बसवलं नाही. काका दारात उभे राहून बघत होते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि मांडवाकडे गेले.

सकाळी मामा आला. उंबऱ्यातच थबकला.

"कुनी लिवला?"

"मी," यमुनाबाई म्हणाल्या.

मामा आत आला खरा, पण लग्नाची बुद्धवंदना होईपर्यंत भिंतीकडे पाठ करून बसला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडंही खाली मान घालूनच खाल्लं. मी मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

निघताना मात्र तो वळला. चौकासमोर कितीतरी वेळ उभा राहिला.

"वैशाखात माज्या पोरीचं लगीन हाय," तो बहिणीला म्हणाला. "लिवायला ये."

"आन् माजा हात रं?"

"तुजाच हात पायजे. वाडीला काय सांगायचं त्ये मी सांगीन."

यमुनाबाई ढसाढसा रडल्या. मलाही आवरेना.

घरी परतल्यावर आईला हे सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून आईने कुणाच्या शुभकार्यात रांगोळीला हात लावलेला नाही. बोलावलं तरी मागेच उभी राहते. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"ते पीठ," तिने विचारलं, "किती पातळ करायचं असतं गं?"