कापसाची डबल बेल

अजिनाथ सहाला जीप घेऊन येणार होता. कापसाला त्या जीपमध्ये बसावं लागणार की नाही, हे पाचच्या हळदीकुंकवात ठरणार होतं.

कापूस म्हणजे मोहनरावांच्या लेकीचा, तेजश्रीचा, पॉमेरेनियन कुत्रा. सात वर्षांचा, पांढराशुभ्र, अंगापेक्षा आवाज मोठा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो बाल्कनीत अंथरलेल्या पेपरवर उरकायचा. तेजश्रीची बदली परराज्यात झाली, तिथल्या घरमालकाला कुत्रं नको होतं, म्हणून दिवाळीनंतर कापूस केजला आला. पहिल्याच सकाळी मोहनरावांनी वाचायला पेपर पसरला आणि ते चष्मा शोधेपर्यंत कापसानं तो भिजवला.

मोहनरावांच्या पत्नी सुंदरबाई देवधर्माच्या कडक. त्यांनी त्याच दिवशी मुदत घातली. “सात वर्सांचं घोडं हाय ते, आता काय शिकतंय? मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारपतोर बघीन. त्या दिवशी बाया बसल्या आन् ह्यानं घरात एक थेंब जरी सांडला, तर अजिनाथ त्याला घाटनांदूरला शेतावर सोडून येईल. आन् बाहेर बांधून ठिवायचं न्हाई. घरात ऱ्हायचं तर घरात ऱ्हाऊन दाखवू द्या.”

अजिनाथ त्यांचा पुतण्या. शेतावर त्याची दोन कुत्री होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कोल्हा फाडला होता. कापूस तिथं एक दिवसही टिकणार नाही, हे मोहनरावांना ठाऊक होतं. सुंदरबाईंनाही होतं, म्हणूनच शेताचं नाव काढताना त्या कापसाकडे बघत नसत.

मोहनराव एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांना एकच शिस्त येत होती: उतारू असो नसो, थांबा आला की गाडी थांबवायची. पहाटे साडेपाच, साडेआठ, बारा, चार, सात, दहा. दर वेळी किल्लीनं स्टीलच्या पेल्यावर एसटीच्या डबल बेलसारखे दोन ठोके, टण् टण्, मग दार उघडून कापसाला समोरच्या कडुलिंबाखाली न्यायचं. तो नुसता हुंगत उभा राहिला तरी दहा मिनिटं गाडी हलवायची नाही. काम झालं की भाकरीचा तुकडा.

“कंडक्टर, भरली का गाडी?” शेजारचे तात्याबा ओट्यावरून विचारत.

“हाफ तिकीट हाय. त्येच्यासाठी बी थांबावं लागतं.”

तिसऱ्या आठवड्यात पेला वाजला की कापूस आपणहून दाराशी येऊ लागला. तरी दिवसातून एकदा चुकायचा, आणि चुकायचा तो नेमका देवघराच्या कोपऱ्यात, दुपारी सुंदरबाई भजनाला गेल्यावर. मोहनराव फरशी पुसत, आणि देवाच्या जागेला विटाळ राहू नये म्हणून वर गोमूत्र शिंपडत. बायको परतेपर्यंत सगळं वाळलेलं असे. त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात लपवलेली ही काही पहिलीच गोष्ट नव्हती. देवघरातली मात्र पहिलीच होती.

गुरुवारी दुपारी तीनला सुंदरबाईंनी दारातच वाटी पुढे केली.

“गोमूत्र वता. सगळ्या घरात शिंपडते.”

मोहनरावांनी बाटली कलती केली. चार थेंब बाहेरच्या पायरीवर पडले. कापूस आत पोत्यावर पडला होता. तो उठून आला, पायरी हुंगली आणि तिथंच पाय वर केला.

“बघा,” सुंदरबाई म्हणाल्या. “आजच्या दिवशी बी.”

मोहनराव पायरीकडे बघत राहिले. महिनाभरात कापसानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज तिथं वेगळं काय होतं? ते चार थेंब. आणि देवघराच्या कोपऱ्यात तेच थेंब रोज त्यांनी स्वतः टाकले होते. त्या मुक्या जिवाला वाटत होतं, ही जागा ठरलेलीच आहे.

सुंदरबाईंनी दूर्वा वाटीत बुडवल्या आणि आत वळल्या.

“थांब. शिंपडू नको.”

“कावून?”

“त्या वासावर जातोय त्यो.”

“घर शुद्ध न करता लक्ष्मी बसवू? आन् तुमाला काय म्हाईत, कुठं जातोय त्ये?”

खरं सांगितलं तर कापूस आत्ताच गेला. गप्प बसलं तर साडेपाचपर्यंत गेला. मोहनरावांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

“रोज जातोय. तिथं. मी पुसतो आन् शिंपडतो.”

सुंदरबाईंच्या हातातल्या दूर्वांमधून थेंब ठिबकला, वाटीतच.

“तिथं मी पाट मांडून पोथी वाचते.”

“व्हय.”

“कवापासून?”

“आला तवापासून.”

त्या अंगणाकडे वळल्या. मग वाटी तुळशीपाशी नेऊन ठेवली, मोरीतून साबणाचा चुरा आणला, चुलीवरचं पाणी उतरवलं आणि दोन लिंबं कापली. सगळं नवऱ्यापुढे ठेवलं.

“घासा. शर्त तीच हाय.”

मोहनरावांनी गुडघ्यांवर बसून कोपरा तीनदा घासला. चारचा थांबा चुकवला नाही, पण गल्लीत बायकांची ये-जा सुरू झाली होती. कापूस भुंकत राहिला, काहीच केलं नाही. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. गाडी रिकामीच परतली.

पाचला सात जणी बसल्या. सुंदरबाईंनी पोथी उघडली. मोहनराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, पण पेला स्वयंपाकघरात राहिला होता आणि मध्ये बायका बसल्या होत्या. कथा निम्म्यावर आली तेव्हा कापूस उठला. लुगड्यांच्या कडेकडेनं कोपऱ्याशी गेला. नाक फरशीला लावलं. पोथी चालू असताना मोहनरावांना हाक मारवेना. कापसानं पुन्हा हुंगलं, शिंकला, आणि तिथंच गोल फिरू लागला. एकदा. दोनदा.

सुंदरबाईंनी पोथीवरची नजर काढली नाही. डावा हात पुढे करून त्यांनी पूजेची घंटा उचलली आणि दोनदा वाजवली.

टण् टण्.

बायकांनी हात जोडले. कापसाचे कान उभे राहिले आणि तो दाराकडे सुटला. मोहनराव अनवाणीच त्याच्यामागे पळाले. लिंबाखाली कापूस एवढा वेळ उभा राहिला की शेजारून तात्याबा ओरडले, “कंडक्टर, गाडी आज फुल व्हती की!”

सहाला जीप थांबली. “काका, न्यायचंय ना याला?” अजिनाथनं विचारलं.

मोहनरावांनी कापसाला उचलून छातीशी धरलं. उत्तर आतून आलं.

“त्याला म्हणावं, चप्पल काढून आत ये. परसाद घे आन् जा.”