पाचूतलं तेल

सासूबाईंनी दिलेली पाचूची अंगठी मी गरम पाण्यात साबण घालून धुतली आणि खडा पांढुरका पडला. आत बारीक चिरा दिसायला लागल्या. धसका घेऊन सराफाकडे गेले. म्हाताऱ्या सराफांनी भिंगातून निरखून पाहिलं.

"खडा अस्सल आहे, ताई. पाचूत चिरा जन्मापासूनच असतात. त्यांत तेल मुरवलं की त्या दिसत नाहीत. गरम पाण्यानं ते तेल गेलं, एवढंच."

"म्हणजे चिरा माझ्यामुळे नाही पडल्या?"

"छे हो! नीलम तर रंग खुलावा म्हणून भट्टीत तापवतात. तसाच्या तसा खडा कोण घालतो?"

मला घरचं आठवलं. आमचे हे वर्षभर अंथरुणाला खिळलेले. भेटायला कोणी आलं की मी पटकन केस नीट करते, पावडर लावते आणि हसून दार उघडते. "तू किती खंबीर आहेस," म्हणत माणसं निश्चिंत मनानं परत जातात.

"तेल भरून देऊ ना?" सराफांनी विचारलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "आधी बसा जरा. फार दमलेल्या दिसता."

हे मला वर्षभरात कोणी म्हटलं नव्हतं.

"हो, दमलेय," मी म्हणाले आणि बसले.