नत्थूजींनी चिकटवलेला कागद

शाळेचा कागद घरी आला आणि कोणी वाचायच्या आधीच भिंतीवर चढला. धुरपताचं पुढं जे झालं ते इथून झालं, पण हे तिला कळायला पाच महिने जायचे होते.

कागद चढवला तिच्या सासऱ्यांनी, नत्थूजींनी. म्हातारा छप्पन साली आंजीहून नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आलेला. स्वतःला सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं, पण अक्षराचा मान एवढा की रस्त्यात छापील कागद दिसला तर उचलून, झटकून खिशात घालायचा, कोणाचा पाय पडू नये म्हणून. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यानं भिंतीचा एक चौकोन चुन्यानं पांढरा करून ठेवला होता. धाकट्या मुलाचा, लक्ष्मणचा, चौथी पासचा दाखला तिथं. थोरल्याच्या पोरीचं, जयवंताचं, धावण्याचं बक्षीसपत्र तिथं. आता लक्ष्मणच्या पोरीच्या शाळेचा कागद आला म्हटल्यावर त्यानं सुनेला पायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

"पयले कणकेची खळ कर," म्हणाला. "शाळेचा कागद घरात असा लोळत नसते."

खळ चांगली घट्ट झाली. कडेनं, मधे, कोपऱ्यांना, सगळीकडे बोटानं फासून म्हाताऱ्यानं कागद असा बसवला की पावसाळ्याच्या ओलीनंही तो हलला नाही.

लक्ष्मणची आणि धुरपताची पोरगी म्हणजे विशाखा. नऊ वर्षांची. दीड वर्षाची असताना ताप डोक्यात गेला आणि तिची समज तिथंच घुटमळत राहिली. पाच-सात शब्द बोलायची. भूक सांगता यायची, चड्डी ओली झाल्याचं सांगता यायचं नाही. त्यात मिरगी. सेवाग्रामच्या दवाखान्यातून आणलेली पांढरी गोळी सकाळ, दुपार, रात्र पोटात गेली तर ठीक. एक चुकली की डोळे फिरवून पडलीच. मग शेजारच्या बाया चप्पल हुंगवायच्या, कांदा फोडायच्या, आणि दातखीळ बसू नये म्हणून धुरपता स्वतः पितळी चमचा दातांत सारायची. त्यात पोरीचा समोरचा एक दात तुटला होता.

गावच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी तिला घालून पाहिलं होतं. चौथ्याच दिवशी वर्गात फिट आली. मास्तर वाईट नव्हता, पण घाबरट होता. "बाई, हिले घरीच ठेवा. बाकीची लेकरं भेतात," म्हणाला. धुरपतानं हात जोडले, लक्ष्मण दोनदा जाऊन आला, नत्थूजी शाळेच्या पायरीवर सकाळभर बसून राहिले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. त्या दिवशी धुरपतानं मनाशी एक गाठ मारली. पोरगी मंद आहे हे लपत नाही, मिरगी मात्र लपते. जे लपतं ते लपवायचं.

म्हणून १९८३च्या जूनमध्ये, वर्ध्याला बोरगाव मेघेत मतिमंद मुलांची शाळा निघाली असं कळल्यावर ती पोरीला घेऊन गेली आणि सरळ खोटं बोलली. शाळा म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, पुढं कुंपणाचं अंगण, वीस मुलं. मोठ्या बाई सुलोचनाबाई. त्यांनी विचारलं, "दुसरा काही आजार?"

"काईच नाई. समजत नाई, बस तेवढंच."

जीभ एकदाही अडखळली नाही. सुलोचनाबाईंनी नाव लिहून घेतलं, सायक्लोस्टाइल केलेला कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "घरी कोणाकडून तरी सगळं वाचून घ्या. यातलं एकेक वाक्य कामाचं आहे."

संध्याकाळी जयवंतानं भिंतीसमोर उभं राहून तो वाचला. सातवीतली पोरगी, खणखणीत आवाज. शाळा साडेदहा ते चार, शनिवारी अर्धी. नाडीची चड्डी घालू नये, इलास्टिकची घालावी. प्रत्येक कपड्यावर आतून दोऱ्यानं नाव काढावं. एक जोड पिशवीत जास्तीचा द्यावा. डब्यात रस्सा नको, मुलाला स्वतःच्या हातानं खाता येईल असं काही द्यावं. घरीही आपल्या हातानं जेवू द्यावं, सांडलं तरी रागावू नये. ताप, गोवर, खरूज असल्यास पाठवू नये. ने-आण करणारं माणूस रोज तेच असावं. पालकांनी शाळेच्या अंगणात बसून राहू नये. आई दिसली की मूल काम सोडतं.

नत्थूजींनी हे सगळं दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि पंचशीलाइतक्या निष्ठेनं पाळायला लावलं. धुरपताला लिहिता येत नव्हतं, तर जयवंतानं कोळशानं नाव काढून दिलं आणि तिनं त्यावरून लाल दोरा फिरवला. नाड्या गेल्या, इलास्टिक आलं. पोरगी भात अंगभर सांडायची आणि म्हातारा कोणाला ब्र काढू द्यायचा नाही. "कागदात लिवलं आहे," एवढंच म्हणायचा. त्या कागदातलं एक अक्षर या घरानं मोडलं नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं लोक तिला बेफिकीर म्हणाले.

रोज आठच्या एसटीनं मायलेकी निघायच्या. अंगणात बसायची मनाई, म्हणून धुरपतानं शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या तानाबाईंच्या घरी धुणी-भांडी धरली. अडचण एकच होती, दुपारच्या गोळीची. आत जाता येत नाही, बाईंना सांगता येत नाही. मग ती गोळी गुळात दाबायची, गूळ पोळीत गुंडाळायची, आणि ती गुंडाळी डब्यात सगळ्यांत वर ठेवायची. विशाखाला गूळ फार आवडायचा. डबा उघडला की आधी तीच तोंडात जायची. पाच महिने एक दिवस चुकला नाही आणि पाच महिने शाळेत एक फिट आली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांपर्यंत पोरीत फरक दिसायला लागला. फ्रॉकची खालची दोन बटणं लावायची. लघवीला उठून उभी राहायची. आणि एका सोमवारी सुलोचनाबाई स्वतः कुंपणापाशी आल्या. "तुमच्या विशाखानं आज डब्यातलं शेजारच्या मुलीला दिलं. कोणी न सांगता. ही फार मोठी गोष्ट आहे, बाई." धुरपताला इतका आनंद झाला की परतीच्या एसटीत तिनं ओळख नसलेल्या बाईलासुद्धा ते सांगितलं. गोळीचा विचार मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण गूळ ती कोणाला देणार नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आनंदाच्या दिवशी भलतं चिंतू नये, असं आपल्याकडे म्हणतात ना.

गुरुवारी दुपारी ती तानाबाईंच्या मोरीत भांडी घासत होती. शाळेतून एकदम गलका आला. मदतनीस जिजाबाई रडक्या आवाजात ओरडत होती, "पोट्टी उठूनच नाई राह्यली, बाई." ती पोट्टी म्हणजे मंगला, सहा वर्षांची, जन्मतःच हृदयाला भोक असलेली, विशाखाच्या शेजारी बसणारी. जेवल्यावर तिची मान कलली ती वर होईना. ओठ पांढरे पडले होते. सायकलरिक्षा बोलावली गेली. "खाल्लं काय हिनं?" सुलोचनाबाई विचारत होत्या. "रोजचंच, बाई. अन् विशाखानं आपली पोयी देल्ली तिले."

राखेचे हात तसेच घेऊन धुरपता कुंपणापाशी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. ज्या पोरीनं पोळी दिली तिला सांगता येत नव्हतं आणि जिनं खाल्ली ती बेशुद्ध होती. बोललं तर विशाखाची शाळा गेली. आणि गप्प राहिलं आणि ती सहा वर्षांची पोर गेली तर? धुरपता काही संत नव्हती. रिक्षात मंगलाला निजवेपर्यंत ती गप्पच राहिली, एवढा वेळ ती गप्प राहिली याची लाज तिला जन्मभर पुरली. मग ती कुंपणातून आत घुसली आणि रिक्षाचा दांडा धरला.

"बाई, पोयीत गोयी होती. मिरगीची. माह्या पोरीची. डाक्टरले सांगजा."

सुलोचनाबाईंनी विचारलं, "किती? एकच?"

"एकच."

रिक्षा गेली. मागं धुरपता विशाखाला छातीशी धरून अंगणात बसली. आज पहिल्यांदाच बसली. आणि दुपारची गोळी चुकलेली, तेव्हा चारच्या सुमारास विशाखा तिच्याच मांडीवर ताठ झाली. कनवटीला चमचा होताच.

मंगला दुसऱ्या दिवशी सकाळी जागी झाली. काय दिलं ते वेळेवर कळलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. धुरपता दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, तिथं सुलोचनाबाई आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लपवलंत कशाला? कागदावर लिहिलेलं होतं ना. मागच्या बाजूला."

"मांगं?" धुरपता म्हणाली.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा नत्थूजींना आधी समजेचना. मग म्हातारा उठला, पाण्याचा गडवा घेतला आणि आपल्याच हातानं भिंत भिजवू लागला. घाई करू नका म्हणून जयवंता सांगत होती. पण म्हातारा थांबेना आणि खळ त्यानंच लावलेली, ती कसली सोडते. कागद लगदा होऊन, चिंध्या होऊन आला. शाई कुठं कागदावर, कुठं चुन्यावर. जयवंतानं दिव्याजवळ एकेक तुकडा धरून वाचला. एकावर होतं, "फिट येत असतील तर लपवू नये." दुसऱ्यावर, "गोळ्या बाईंकडे द्याव्यात, त्या वेळेवर देतील." तिसऱ्यावर, "फिट आल्यास तोंडात चमचा", आणि पुढं फाटलेलं.

"चमचा काय?" धुरपतानं विचारलं. "घालावा का नाई घालावा?"

"दिसत नाई, काकू."

नत्थूजी भिंतीकडे तोंड करून रडले. "म्या लावला व माय, म्याच लावला," एवढंच म्हणत होते. धुरपतानं त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही. तिचा राग स्वतःवर इतका होता की दुसऱ्याला द्यायला उरला नव्हता.

शाळेच्या समितीची बैठक झाली. मंगलाचे वडील बापूराव तावातावानं बोलले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पंधरा दिवसांनी पत्र आलं: आजारामुळे नव्हे, आजार लपवल्यामुळे नाव कमी करण्यात येत आहे, पुढील जूनमध्ये नव्यानं अर्ज करता येईल. जयवंता पत्र वाचायला लागली तेव्हा धुरपतानं तिच्या हातातून घेऊन आधी उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

ते सात महिने तिनं कसे काढले ते विचारू नये. साडेसात वाजले की विशाखा पिशवी गळ्यात घालून दारात उभी राहायची, आणि ओढून आत आणलं की डोकं आपटायची. एसटी गेली की रस्त्याकडे बोट करून "जा, जा" करायची. बटणं विसरली. लघवीला उठणं विसरली. गोळ्या चालू असूनही फिटा वाढल्या. दर फिटेला धुरपताच्या हातात चमचा असायचा आणि तो अर्धा रस्ता जाऊन थांबायचा. घालावा का नाई? शाळेत जाऊन विचारायला तिला तोंड नव्हतं. लक्ष्मण सेवाग्रामच्या दवाखान्यात गोळ्या आणायला जायचा, त्याला विचारून यायला सांगितलं, तर खिडकीवरचा माणूस "पुढे व्हा" म्हणायचा. शेवटी भीती जिंकायची. दातखीळ बसून जीव जाईल, या भीतीनं ती चमचा सारायचीच.

जूनमध्ये ती पोरीला घेऊन पुन्हा शाळेच्या पायरीवर उभी राहिली. रांगेत तेरा जण होते. तिची पाळी आली. सुलोचनाबाईंनी मान वर न करताच विचारलं, "मुलीचं नाव?"

"हिले मिरगी येते," धुरपता म्हणाली. "नाव विशाखा."

सुलोचनाबाईंनी मान वर केली. मग हळू आवाजात सांगितलं की दोन जागा होत्या, त्या सकाळीच भरल्या. यादीत नाव लिहिते, सहावा नंबर. यंदा नाही जमणार.

धुरपतानं मान हलवली. ती जाईल असं त्यांना वाटलं, पण ती तिथंच उभी.

"जागा नसन तर नसो. तो कागद तेवढा द्या मले."

सुलोचनाबाईंनी कपाटातून कागद काढून दिला. धुरपतानं हातात घेतल्याबरोबर तो उलटा केला आणि त्यांच्यापुढं धरला.

"इकडून वाचा. चमच्यापासून."

"फिट आल्यास तोंडात चमचा किंवा दुसरं काहीही घालू नये," सुलोचनाबाईंनी वाचलं. "मुलाला कुशीवर निजवावं आणि फिट ओसरेपर्यंत जवळ बसावं. तोंडात काही घातल्यानं दात तुटतात."

त्या वाचत होत्या आणि विशाखा, बाई ओळखीच्या म्हणून, त्यांच्याकडे पाहून तोंड भरून हसत होती. तिचे समोरचे चार दात नव्हते.